सरांसारखं चित्र काढायचं नाही, मग सर कशाला?

चित्रकला शिकवण्यावर आपण जो भाग केला, त्याचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेली थोडी इकडची-तिकडची बडबड कापली आहे, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. रेकॉर्डिंगमध्ये मधेच जो भोंगा ऐकू येतो तो आमच्या पुणतांबा स्टेशनवरच्या गाडीचा. घरून रेकॉर्ड केलं की तो येणारच, त्याला इलाज नाही.

तर, महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बहुतेकांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट हे शब्द माहीत असतात. कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला 7 गुण जास्तीचे, बी ला 5, सी ला 3. त्यामुळे एरवी चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणारी घरंसुद्धा या परीक्षेच्या आधी एकदम रंगपेटी आणतात.

यातला स्मरणचित्राचा पेपर घ्या. त्याची कल्पना फार सुंदर आहे. समोर काही नाही. विषय दिला जातो, आणि तुम्ही रोज जे बघता त्यातून आठवून चित्र उभं करायचं. म्हणजे खरं तर ही बघण्याची परीक्षा आहे. माझी भाची यंदा इंटरमिजिएटला बसतेय. तिची वही बघितली तर तीन चित्रं होती: पाणी भरणाऱ्या बायका, भाजीबाजार, पतंग उडवणारी मुलं. तिन्ही छान. मी म्हटलं, आता मला स्टेशनवर गाडीची वाट बघणारी माणसं काढून दाखव. ती म्हणाली, "मामा, ते पाठ नाहीये."

पाठ. स्मरणचित्र पाठ. भाजीवालीच्या जागी तिकीटवाला बसवायचा, हंड्याच्या जागी बॅग द्यायची, एवढं केलं की कुठलाही विषय निघतो, हेही तिला शिकवून झालेलं होतं. पोरगी हुशार आहे, तिच्या क्लासमध्ये निकालही चांगला लागतो. क्लासवाल्यांना नावं ठेवायला मी हे सांगत नाहीये. परीक्षा असली की असं होतंच, आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हायव्हा काय वेगळ्या होत्या? पण माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला. एखाद्या मुलाला चित्रकार म्हणून वाढवायचं असेल तर शिक्षकाने नक्की काय द्यायचं, आणि काय द्यायचं नाही? सगळं दिलं तर पोरगं सरांची झेरॉक्स होतं. काहीच दिलं नाही तर ते तीन डोंगर, मधून सूर्य आणि खाली नदी यातून बाहेर पडत नाही.

याचं उत्तर शोधताना मी ज्या माणसापर्यंत पोचलो ते म्हणजे नारायण श्रीधर बेंद्रे. आणि गंमत म्हणजे त्यांच्या गोष्टीकडे जायला आमच्या गावातूनच एक वाट आहे.

पुणतांब्याला गोदावरीवर जो जुना घाट आहे तो अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. घाटावर बसलं की डोक्यात होळकर येतातच, आणि होळकर म्हटलं की इंदूर. अहिल्याबाईंनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्याच होळकरांच्या इंदुरात, 1927 मध्ये, दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी एक चित्रशाळा उभी केली. देवळालीकर स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे, वास्तववादी वळणाचे. माणूस माणसासारखा दिसला पाहिजे, सावली जिथे पडते तिथेच पडली पाहिजे, ही शिस्त. पण त्यांच्याकडे शिकलेल्यांची नावं बघा. बेंद्रे त्यांच्याकडचे. मकबूल फिदा हुसेन, म्हणजे आपल्या पंढरपुरात जन्मलेले, तेही काही काळ तिथले. दे. ज. जोशी तिथले. विष्णू चिंचाळकर तिथले. हुसेन यांचे घोडे आणि चिंचाळकरांच्या वाळक्या पानांच्या आकृती शेजारी शेजारी ठेवल्या तर दोघांचे मास्तर एक होते यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं. एका शिक्षकाचे चार विद्यार्थी चार दिशांना गेले तर त्या शिक्षकाचं काही चुकलं का? आपल्याकडे उलट समज आहे. गाण्यात घराणं असतं, आणि शिष्याच्या आवाजात गुरू ऐकू आला की आपण खूश होतो. चित्रकलेत मात्र मला हे चार दिशांना जाणं जास्त मोलाचं वाटतं. देवळालीकरांनी त्यांना हाताची शिस्त दिली आणि उघड्यावर, उन्हात बसून रंगवायची सवय दिली. इंदूरची निसर्गचित्रं त्या काळात ओळखली जायची ती त्यामुळे. बाहेर बसून रंगवण्यात एक गोष्ट आपोआप होते. ऊन दर दहा मिनिटांनी सरकतं. सरांनी सकाळी सांगितलेली सावली दुपारी खोटी ठरते. मग पोराला सरांकडे बघून उपयोग नसतो, समोर बघावं लागतं.

आता बेंद्रे. जन्म 1910, इंदूरचा. हे गृहस्थ रीतसर बी.ए. झाले आणि 1933 मध्ये मुंबईची जी. डी. आर्ट पदविकाही घेतली. म्हणजे "आधी डिग्री घे, मग काय ते कर" हा डायलॉग त्या काळीही असावा असा माझा संशय आहे. पुढे काश्मीरमध्ये तिथल्या पर्यटन खात्यासाठी चित्रकार म्हणून नोकरी केली, 1941 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं, 1945 मध्ये शांतिनिकेतनात राहून काम केलं, त्यानंतर अमेरिकेत जाऊन आले. निसर्गचित्रकार म्हणून नाव झालेलं होतं. चाळिशीत आलेला, जम बसलेला माणूस.

आणि मग 1950 मध्ये ते बडोद्याला शिक्षक म्हणून गेले.

बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. हंसा मेहता कुलगुरू होत्या. तिथे ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा काढली, आणि चित्रकलेला पदविकेऐवजी विद्यापीठाची पदवी द्यायची ठरलं. आज हे साधं वाटतं. तेव्हा चित्रकार होणं म्हणजे एक तर सरकारी आर्ट स्कूलमधून ठरावीक नमुने गिरवत बाहेर पडणं, नाही तर पोस्टरं रंगवणं. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून दिवस काढले हे तर सगळ्यांना माहीत आहे. बेंद्रे बडोद्यात चित्रकला विभागाचे प्रमुख झाले, 1959 मध्ये अधिष्ठाता झाले आणि 1966 पर्यंत राहिले. सोळा वर्षं.

या सोळा वर्षांत त्यांच्या हाताखालून कोण गेलं? ज्योती भट्ट, जे पुढे मुद्राचित्रणाकडे गेले आणि कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांतल्या भिंतींवरची, अंगणातली चित्रं वर्षानुवर्षं टिपत राहिले. शांती दवे. काश्मीरहून आलेले जी. आर. संतोष, जे नंतर तंत्रातल्या आकृत्यांकडे वळले. गुलाम मोहम्मद शेख, ज्यांच्या चित्रांत गोष्टी आणि शहरं एकात एक गुंतलेली असतात. हिंमत शाह, ज्यांनी भाजलेल्या मातीची डोकी घडवली. फोनवर ही पाच नावं एकेक करून शोधा आणि चित्रं बघा, मी थांबतो. झालं? आता बेंद्रे शोधा. एकही त्यांच्यासारखं नाही.

हे कसं झालं असावं? मला तीन-चार कारणं दिसतात. ती सरळ रांगेत बसत नाहीत, पण सांगतो.

पहिलं म्हणजे मास्तर स्वतः काम करत होते, आणि तेही तिथेच. बडोद्यात शिक्षक आणि विद्यार्थी आजूबाजूला काम करायचे, हा तिथला रिवाज. शिक्षकाचं तयार चित्र बघणं आणि त्याचं होत असलेलं, बिघडलेलं, पुसलेलं चित्र बघणं यात फार फरक आहे. तयार चित्र उत्तर असतं. अर्धं चित्र बघितलं की या माणसालाही माहीत नाही पुढे काय होणार, हे पोराला कळतं. आमच्या धंद्यात सांगायचं तर, सीनिअरचा झकास मर्ज झालेला कोड वाचून जेवढं शिकता येत नाही तेवढं त्याच्या शेजारी बसून त्याला दोन तास एका बगमध्ये अडकलेलं बघून शिकता येतं.

दुसरं, जे मला सगळ्यात भारी वाटतं. बडोद्याला गेल्यावर बेंद्रेंनी स्वतःची शैली बदलली. ज्या निसर्गचित्रांनी नाव दिलं तीच पोरांना शिकवत बसले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. त्याऐवजी ते क्युबिझमकडे वळले. क्युबिझम म्हणजे, अगदी सोप्यात, वस्तू एकाच बाजूने न बघता तिचे तुकडे, पैलू, कोन चित्राच्या सपाट पृष्ठभागावर मांडणं. पायातला काटा काढण्याचं त्यांचं जे चित्र आहे, त्याला 1955 मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते याच वळणाचं. पुढे अमूर्तातही जाऊन आले. म्हणजे वर्गातल्या पोरांसमोर पंचेचाळिशीचा माणूस नवा विद्यार्थी होऊन काहीतरी शिकत होता. अशा माणसाची नक्कल कशी करणार? तुम्ही त्याच्यासारखं काढायला शिकेपर्यंत तो पुढे गेलेला.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला पाहिजे. पन्नासच्या दशकातली बडोद्याच्या पोरांची चित्रं बघितली तर त्यातली बरीच त्याच अर्ध्या-क्युबिस्ट वळणाची दिसतात. म्हणजे नक्कल झालीच. मग माझा मुद्दा बाद का? मला नाही वाटत. क्युबिझम तिथे व्यायामासारखा वापरला गेला. झाड झाडासारखं दिसतंय की नाही हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवायचा आणि चित्र चित्र म्हणून उभं राहतंय का, वजन कुठे पडतंय, रिकामी जागा काय करतेय, हे बघायचं. जोर-बैठका सगळे सारख्याच काढतात, पण त्यातून बाहेर पडून कोणी कुस्ती खेळतो, कोणी कबड्डी. सुरुवातीला सरांसारखं होणं ही अडचण नाहीच. तिथेच राहू देणं ही अडचण आहे.

आणि तिथे राहू न देण्याचं तिसरं कारण म्हणजे बेंद्रे एकटे नव्हते. के. जी. सुब्रमण्यन 1951 मध्ये बडोद्याला आले. ते शांतिनिकेतनात घडलेले, लोककला, खेळणी, मातीकाम, विणकाम यांना चित्रकलेइतकंच मानणारे. शिल्पकलेला शंखो चौधुरी होते, तेही शांतिनिकेतनचेच. बेंद्रे इंदूर-मुंबईच्या वाटेने आलेले, रंगांवर आणि चित्राच्या बांधणीवर हुकूमत असलेले. म्हणजे एका मजल्यावर एक जण सांगतोय रंग बघ, दुसऱ्या मजल्यावर दुसरा सांगतोय कुंभाराकडे जाऊन बस. पोरांना निवडावं लागत होतं. माझं स्पष्ट मत आहे की चांगल्या शिक्षकापेक्षाही दोन वेगळं सांगणारे चांगले शिक्षक जास्त उपयोगी. एकच सर असेल तर तो देव होतो. दोन झाले की पोरगं विचार करायला लागतं. 1961 च्या सुमाराला तिथे कलामेळा सुरू झाला, ज्यात शिक्षक-विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, भांडी करून विकायचे. भलेभले चित्रकार लाकडी चिमण्या रंगवतायत, हे दृश्य मला फार आवडतं.

चौथी गोष्ट, छोटी पण महत्त्वाची. 1956 मध्ये बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स झाला, आणि त्यात शिक्षक आणि विद्यार्थी एकाच भिंतीवर चित्रं लावू लागले. बेंद्रे आणि त्यांची विशीतली पोरं, एकाच प्रदर्शनात. ज्या दिवशी तुमचं चित्र सरांच्या चित्राच्या शेजारी लागतं आणि मुंबईचे लोक दोन्हींसमोर सारखेच उभे राहतात, त्या दिवशी सरांसारखं काढण्यात काही अर्थ उरत नाही. ओरिजिनल शेजारीच टांगलेलं असतं ना.

आता जरा जमिनीवर येऊ. तुम्ही म्हणाल, बडोदा ठीक आहे, आमच्या तालुक्यात एका शाळेला एक चित्रकलेचे सर, साठ पोरं, आठवड्याला एखादा तास. बरोबर आहे. म्हणून मी एकाच कृतीबद्दल बोलतो, जी साठ पोरांच्या वर्गातही होते. आपल्याकडे तिला "हात फिरवणं" म्हणतात. पोरगं चित्र घेऊन टेबलापाशी येतं. सर खोडरबर घेतात, नाक पुसतात, स्वतः नीट काढून देतात. "सरांनी हात फिरवला, एकदम जिवंत झालं बघ!" घरी सगळे खूश. पण त्या नाकाजवळ पोराचा अभ्यास थांबला. त्याला फक्त एवढंच कळलं की बरोबर नाक सरांकडे असतं.

मी रोज कोड रिव्ह्यू करतो. नवीन मुलगा पुल रिक्वेस्ट टाकतो, त्यात गोंधळ असतो. माझ्याकडे दोन रस्ते. एक, मीच पाच मिनिटांत बदलून मर्ज करायचं. दोन, कमेंट टाकायची: ही यादी रिकामी आली तर इथे काय होईल? पहिल्यात वेळ वाचतो. दुसऱ्यात तो मुलगा परत विचार करायला जातो आणि कधी कधी मला न सुचलेलं घेऊन येतो. चित्रकलेच्या शिक्षकाकडेही हाच पर्याय असतो. नाक न पुसता विचारायचं: आरशात बघ, नाकाची खालची बाजू उजळ आहे की काळी? फार तर शेजारच्या कोऱ्या कागदावर आपण एक नाक काढून दाखवायचं आणि तो कागद फाडून टाकायचा. पोराच्या कागदावर फक्त पोराचा हात. माझ्या मते चित्रकलेच्या शिक्षकाचा हा पहिला नियम असायला हवा, आणि साठ पोरांच्या वर्गात त्याला एक रुपया खर्च येत नाही. वेळ मात्र लागतो, हे मान्य.

भाचीसोबत मी हेच करून बघितलं. शनिवारी संध्याकाळी स्टेशनवर गेलो. वही नेली नाही. दहा मिनिटं नुसतं बघायचं, फोटो काढायचा नाही, मग घरी येऊन काढायचं. पहिल्या दिवशी सगळी माणसं भाजीबाजारातलीच आली, फक्त भाजी नव्हती. दुसऱ्या शनिवारी तिने मला विचारलं की बसलेल्या बाईचं वजन नेमकं कुठे असतं, कारण तिच्या चित्रातली बाई बाकड्यावर तरंगत होती. मला उत्तर येत नव्हतं. आम्ही दोघांनी घरातल्या पलंगावर बसून, उठून, परत बसून बघितलं. आजी म्हणाली काय चाललंय हे. नंतरच्या चित्रात एका बाईचं पोतं पायाशी टेकलेलं होतं आणि तिचा एक हात पोत्यावर होता, म्हणजे कोणी उचलू नये म्हणून. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते चित्र तिच्या पाठ असलेल्या भाजीबाजारापेक्षा कच्चं आहे. परीक्षेत त्याला कमी मार्क पडतील का? पडू शकतात. म्हणून आम्ही ठरवलंय की परीक्षेपुरती ती तीन चित्रंही पक्की ठेवायची. 7 गुण कोणी सोडत नाही.

एक शंका रेकॉर्डिंगच्या वेळीच मित्राने काढली होती. सगळेच काही चित्रकार होणार नाहीत, मग एवढा आटापिटा कशाला? याला उत्तर म्हणून मी परत इंदूरला जातो, देवळालीकरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडे. विष्णू चिंचाळकर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. चांगले व्यक्तिचित्रकार असून ते हळूहळू ब्रशपासूनच दूर गेले. वाळकी पानं, झाडाची साल, काटक्या, फुटक्या वस्तू. त्यात आधीपासून असलेला चेहरा किंवा प्राणी शोधायचा आणि अगदी थोडंसं काही करून तो दुसऱ्याला दिसेल असा ठेवायचा. मुलांसाठी त्यांनी अक्षरं आणि अंक यांतून चित्रं निघतात असं एक पुस्तकही केलं, 'खुलते अक्षर खिलते अंक' नावाचं. त्यांच्याकडे येणारी बहुतेक मुलं चित्रकार झाली नाहीत, व्हायचीही नव्हती. पण सालीत घुबड दिसलं की ते त्या मुलाचं स्वतःचं घुबड असतं. ते गुरुजींनी काढून दिलेलं नसतं. कागद-रंगाचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्या शाळांनी तर आधी इकडे बघावं.

आणि मोबाईल? मला भरपूर जण विचारतात की यूट्यूबवरून चित्रकला शिकता येते का. येते. रंग कसा मिसळायचा, ब्रश किती ओला ठेवायचा, हे तिथे शाळेपेक्षा चांगलं कळतं. ज्या गावात एकच सर आहेत तिथे फोन हा दुसरा सर होऊ शकतो, म्हणजे बडोद्याच्या दुसऱ्या मजल्यासारखा. फक्त व्हिडिओ थांबवत थांबवत तेच चित्र उतरवलं तर तो पण हात फिरवणाराच सर. मी भाचीला एवढंच सांगितलंय की व्हिडिओ पूर्ण बघ, बंद कर, आणि तीच पद्धत आपल्या घराच्या मागच्या लिंबाला लाव.

बेंद्रे 1966 मध्ये बडोदा सोडून मुंबईला आले. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. आणि तिथे त्यांनी परत नवी सुरुवात केली: रंगांचे बारीक बारीक ठिपके शेजारी ठेवून चित्र उभं करायचं. खेड्यातल्या बायका, झाडं, ऊन, सगळं ठिपक्यांतून. आज त्यांची जी चित्रं सगळ्यात जास्त ओळखली जातात ती ही. 1992 मध्ये ते गेले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं होतं. फोनवर ही चित्रं बघताना बोटांनी झूम करा, आधी नुसते ठिपके दिसतील, मग हळूहळू झूम कमी करत या.

इंदूरला कधी गेलात तर देवळालीकरांच्या नावाची कलावीथिका आहे, सराफ्यात खायला जायच्या आधी तिथे डोकावून या. आणि तुमच्या शाळेतले चित्रकलेचे सर किंवा मॅडम तुमच्या चित्रावर हात फिरवायचे की प्रश्न विचारायचे, हे एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये पाठवा. नाव घेऊ नका, नुसता किस्सा सांगा. पुढच्या भागात त्यातले काही लावतो.